आठ मिलिमीटरचा समुद्रससा: पिल्लू, की छोट्या जातीचा प्रौढ?

रत्नागिरी जिल्ह्यातला खडकाळ किनारा, पौष वद्य तृतीया, सकाळी आठच्या सुमाराची ओहोटी. पोटरीभर पाण्याच्या एका डबक्यात लाल शेवाळाच्या झुपक्यावर लालसर तपकिरी रंगाचा एक समुद्रससा, म्हणजे समुद्री गोगलगायींपैकी एक मऊ अंगाचा जीव, सरपटत होता. अंग पूर्ण ताणलेलं असताना लांबी 8 मिलिमीटर. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या, पाठीवर दुमडलेले दोन पंख, पंखांच्या कडेला गडद रेघ आणि अंगभर बारीक पांढरे ठिपके. त्याच डबक्यात तशाच घडणीचे आणखी दोन जीव होते. एक 23 मिलिमीटरचा, शेवाळावरच. दुसरा 31 मिलिमीटरचा, झुपक्याच्या बुडाशी वाळूत अर्धा गाडलेला.

तिघांचे मोबाइलवर फोटो निघाले आणि आयनॅचरॅलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर चढवले गेले. तिथल्या यंत्रणेने तिघांनाही एकच नाव सुचवलं, अप्लिसिया पार्व्हुला, आणि तिन्ही नोंदी त्याच नावाने गेल्या. फेरतपासणीत यातली एक नोंद टिकली, तीही नावात दुरुस्ती करून. दुसरीचं नाव बदललं. तिसरी, म्हणजे 8 मिलिमीटरची, जातीवरून मागे घेऊन प्रजातीगटापाशी, म्हणजे नुसत्या ‘अप्लिसिया’पाशी थांबवावी लागली. मूळ प्रकरण या तिसरीचंच आहे. बाकी दोघांचा हिशोब नीट लागला म्हणूनच तिथे कुठे थांबायचं ते ठरवता आलं.

‘पार्व्हुला’ हे नाव पटलं कशामुळे

अप्लिसिया हा समुद्रससांचा गट. यातले बरेच जण हातभर नसले तरी वीतभर वाढतात. पार्व्हुला मात्र लहानच राहतो. तो बहुधा दोन-तीन सेंटीमीटरचा सापडतो आणि सहा सेंटीमीटरच्या पुढे सहसा जात नाही. त्याची पुस्तकी ओळख अशी: लहान अंग, लाल, तपकिरी किंवा हिरवा, म्हणजे बसला असेल त्या शेवाळाचा रंग, पंखांच्या कडेला काळपट रेघ, पांढरे ठिपके, आणि पाठीवरच्या पातळ प्रावाराला, म्हणजे शिंपल्यावरच्या त्वचेच्या पडद्याला, मोठं भोक असल्यामुळे आतला काचेसारखा शिंपला उघडा दिसणं. डबक्यातल्या 8 मिलिमीटरच्या जिवात हे सगळं होतं. यादीतली प्रत्येक खूण जुळली म्हटल्यावर नाव पटणारच.

पण ही यादी प्रौढांवरून बनवलेली आहे. मोठ्या जातीचं पिल्लूही लहान असतं, तेही शेवाळाच्या रंगाचं असतं, आणि त्याच्याही प्रावाराचं भोक अंगाच्या मानाने मोठं असतं. वाढीबरोबर प्रावार पसरतो आणि भोक आकसत जातं. म्हणजे ज्या खुणांवर पार्व्हुला ठरवला त्यातल्या बहुतेक खुणा ‘हा समुद्रससा अजून लहान आहे’ एवढंच सांगतात.

यंत्रणेच्या सूचनेवर सगळा राग काढण्यात अर्थ नाही. तिने शिकलेले फोटो मुख्यतः प्रौढांचे असतात. त्यात लहान, लाल आणि काळ्या काठाचा अप्लिसिया म्हटलं की पार्व्हुलाच पहिला येतो. अडचण पुढे होते. त्या संकेतस्थळावर दोन-तृतीयांशांहून जास्त ओळखणाऱ्यांचं जातीवर एकमत झालं की नोंद ‘संशोधन दर्जा’ची ठरते आणि परवाना योग्य असला तर जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यात जाते. दोघांनी सूचनेला मान डोलावली की कोकण किनाऱ्याच्या नकाशावर पार्व्हुलाचा एक ठिपका उमटतो. असे दहा-बारा ठिपके जमले की पुढच्या पिल्लाला तेच नाव आणखी ठामपणे सुचवलं जातं.

आधी गट पक्का

जातीकडे जाण्याआधी हा अप्लिसिया तरी आहे का, हे स्वतंत्रपणे बघावं लागतं. दहा मिलिमीटरच्या आतल्या जिवांत इथेच सगळ्यात जास्त गफलत होते.

पहिला संशयित चपटा कृमी. तो कागदासारखा पातळ असतो, कडा लाटेसारख्या हलवत घसरतो, त्याच्या पाठीवर पंख उघडत-मिटत नाहीत आणि कल्ला दिसत नाही. दुसरा एलिसिया, म्हणजे हिरवं शेवाळ शोषून खाणाऱ्या समुद्री गोगलगायींचा गट. त्यालाही पाठीवर दोन पंख असतात, म्हणून फसायला होतं. पण त्याच्या डोक्यावर शिंगांची एकच ठळक जोडी असते, तोंडाशी दुसरी पसरट जोडी नसते, आणि पंख उघडले की आत शिंपला किंवा पिसासारखा कल्ला न दिसता पाठीवर पसरलेल्या शिरांसारख्या रेषा दिसतात. आपल्या प्राण्याला दोन्ही जोड्या होत्या: पुढची तोंडाजवळची, रुंद आणि चाचपडत जाणारी, मागची उभी आणि गुंडाळलेली. मागच्या जोडीच्या जरा पुढे दोन्ही बाजूंना डोळ्याचा एकेक काळा ठिपका होता.

एक बारकावा. समुद्रससाच्या वाढीत पुढची शिंगं आधी येतात, मागची नंतर. दोन-तीन मिलिमीटरच्या पिल्लात मागची जोडी नुसत्या उंचवट्यासारखी असू शकते. ‘शिंगांची एकच जोडी दिसते, म्हणजे समुद्रससा नाही’ असा निकाल एवढ्या लहान जिवाबाबत देऊ नये. 8 मिलिमीटरला ही अडचण राहिली नव्हती.

मग अप्लिसियाचे भाऊबंद. मुंबई आणि कोकणच्या उथळ पाण्यात बर्साटेला लीची पुष्कळ दिसतो, तोही थव्याने. प्रौढ बर्साटेला ओळखायला सोपा: अंगभर फांद्या फुटलेले मऊ काटे आणि निळे डोळेदार ठिपके. त्याच्या पिल्लात काटे आखूड आणि फांद्या नसलेले असतात, त्यामुळे ते स्टायलोकीलस स्ट्रायटससारखं दिसतं. या दोन्हींत पंख बरेचसे जुळलेले असतात आणि पाठीवर फटीएवढीच जागा उघडी राहते. स्टायलोकीलसच्या अंगावर लांबीच्या दिशेने बारीक तपकिरी रेघा असतात आणि शेपूट निमुळतं लांब. आपल्या प्राण्याचे पंख मोकळे होते, श्वासासाठी पाणी आत घेताना ते सरळ उघडत होते आणि मधे शिंपल्याची चमक दिसत होती. काटे नव्हते, रेघा नव्हत्या. मागची बाजू तिरकी कापल्यासारखी चपटी असती तर डोलाबेलाचा विचार करावा लागला असता. तशी ती नव्हती. गट पक्का: अप्लिसिया.

रंग, शाई आणि काळा काठ यांची साक्ष किती धरायची

रंगाची साक्ष जवळपास शून्य. याचं सगळ्यात नीट तपासलेलं उदाहरण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या अप्लिसिया कॅलिफोर्निकाचं आहे. हा प्राणी एरिक कँडेल यांच्या प्रयोगशाळेत स्मृतीच्या अभ्यासासाठी वापरला गेला आणि त्या कामासाठी कँडेल यांना 2000 साली नोबेल मिळालं. प्राण्यांचा पुरवठा लागत होता म्हणून 1974 मध्ये अंड्यापासून प्रौढापर्यंत तो प्रयोगशाळेत वाढवला गेला आणि त्याच्या वाढीच्या पायऱ्या एकेक करून टिपल्या गेल्या. पोहणारी अळी महिनाभराहून थोडी जास्त पाण्यात राहते, मग लॉरेन्सियासारख्या लाल शेवाळावर उतरते, तिथेच रूपांतर होतं आणि पिल्लू लाल-गुलाबी होतं. पुढे वाढत गेलं, खाणं बदललं की हिरवट, तपकिरी. प्रौढ किलोभराचाही होतो. त्या गुलाबी दाण्यावरून हा किलोभराचा प्राणी डोळ्यापुढे येणं कठीणच. आपल्याकडच्या जाती वेगळ्या असल्या तरी लाल शेवाळावरचं अप्लिसियाचं पिल्लू लालसर असणं हे सर्वसाधारण आहे.

शाईचं तसंच. बहुतेक अप्लिसिया डिवचले की जांभळी शाई सोडतात, त्याच गटातला अप्लिसिया ज्युलियाना मात्र सोडत नाही, त्याचा स्राव पांढरट असतो. यावरून ‘शाई आली नाही, म्हणजे ज्युलियाना’ असा शेरा नोंदींत बऱ्याचदा दिसतो. शाईचा जांभळा रंग मुळात लाल शेवाळातल्या रंगद्रव्यापासून बनतो. हिरव्या उल्वावर वाढलेल्या, एरवी शाई सोडणाऱ्या जातीच्या समुद्रससाकडेही जांभळी शाई नसते. म्हणून शाई आली तर तिचा रंग लिहावा. नाही आली तर त्यातून काहीही काढू नये. ती बघण्यासाठी प्राण्याला टोचणं तर अजिबात नको: साठा भरून यायला त्याला वेळ लागतो, आणि ताटलीतलं पाणी जांभळं झालं की पुढचे फोटोही गेले.

ज्युलियाना वगळायला तळपाय बघावा. त्याच्या पायाचं मागचं टोक चकतीसारखं चिकटतं आणि तो जळवेसारखा, पुढचं टोक टेकवून मागचं ओढून, चालतो. चकती चिकटलेली असतानाच नीट दिसते, त्यामुळे एका फोटोवर भागत नाही. चालताना पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. आपल्या तिन्ही प्राण्यांत हे दिसलं नाही.

राहिला काळा काठ. पार्व्हुलाच्या वर्णनातली ही सगळ्यात प्रसिद्ध खूण, आणि प्रौढांत ती खरोखर उपयोगी आहे. पण आठ मिलिमीटरच्या जिवाचा पंख अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. पांढऱ्या ताटलीत वरून ऊन पडलं की पंखाची कड स्वतःच्या सावलीने काळी दिसते. पहिल्या दिवशीच्या फोटोंत रेघ उजव्या पंखावर ठळक आणि डाव्यावर पुसट होती, ऊन डावीकडून होतं. दुसऱ्या दिवशी सावलीत घेतलेल्या फोटोंत रेघ दोन्हीकडे सारखी, पण तपकिरी आणि तुटक निघाली. तपकिरी तुटक रेघ हा पार्व्हुलाचा पुरावा नव्हे, आणि त्याच्या विरोधातला पुरावाही नव्हे.

दुसऱ्या दिवशीचे फोटो

चतुर्थीला ओहोटी पाऊण तासाने उशिरा, म्हणजे उजेड आणखी चांगला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. ओहोटी त्याच्या सहा तास आधी-नंतर. जागेनुसार हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्यावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप खाली जातं, पण सकाळची ओहोटी अंधारात किंवा झुंजुमुंजू असताना येते. बारीक जीव बघायला द्वितीया ते चतुर्थी हे दिवस चांगले. ओहोटीच्या दीड तास आधी उतरावं, पाणी फिरलं की निघावं. कालवांच्या कडांनी तळवे फाटतात, तेव्हा पायात बूट हवेच.

8 मिलिमीटरचा जीव शेवाळावरून उचलायचा नाही. बोटांनी किंवा चिमट्याने तर नाहीच. तो बसलाय ती शेवाळाची फांदीच हलवून चमच्यात, पाण्यासकट, त्याला सरकवायचं. नाही सुटला तर मऊ कुंचल्याने. मग सपाट तळाच्या पारदर्शक डबीत, त्याच डबक्याचं पाणी दीड-दोन सेंटीमीटर. खाली एकदा पांढरा कागद आणि एकदा राखाडी. पांढऱ्यावर शिंगांची बाह्यरेषा उठून दिसते, पण अंगावरचे फिके ठिपके उडून जातात. राखाडीवर ठिपके दिसतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर दोन-तीन टप्पे कमी-जास्त करून तेच चित्र पुन्हा घ्यावं. छत्री किंवा स्वतःची सावली धरली की पाण्यावरची चकाकी जाते. मोबाइलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स पुरते. ऑलिंपसच्या टीजी मालिकेतले कॅमेरे एक सेंटीमीटरवरून फोकस धरतात आणि पाण्यात बुडवता येतात, त्यामुळे डबीची गरजच कमी होते. हाताला सनस्क्रीन लावलेलं असेल तर डबक्यात हात घालू नये.

लांबी मोजण्यासाठी मिलिमीटरची पट्टी डबीखाली ठेवावी. प्राणी सरपटताना, पूर्ण ताणलेला असताना मोजावं. घाबरून आकसलेला समुद्रससा निम्माही भरत नाही, आणि मग त्याच प्राण्याच्या दोन नोंदी ‘5 मिलिमीटर’ आणि ‘9 मिलिमीटर’ अशा होतात. तीन-चार मिनिटांच्या वर डबीत ठेवू नये, एवढं थोडं पाणी लगेच तापतं. मग त्याच झुपक्यावर परत.

हवी ती चित्रं सहा: वरून पूर्ण अंग, डोकं जवळून, उजवी बाजू, पंख उघडले त्या क्षणाचा पाठीचा मधला भाग, डबीच्या तळातून तळपाय, आणि ज्या शेवाळावर सापडला ते शेवाळ, ओळखता येईल इतकं स्पष्ट. उजवी बाजू मुद्दाम सांगितली आहे, कारण पुढचा सगळा निवाडा तिथेच आहे. तळातून घेतलेल्या चित्रात डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून त्या फाइलच्या नावातच ‘तळातून’ असं लिहून टाकावं.

वयात आलाय की नाही

पिल्लू की छोटा प्रौढ, या प्रश्नाचं उत्तर आकारात नाही, जननेंद्रियांत आहे. अप्लिसिया उभयलिंगी असतो. त्याचं जननछिद्र उजवीकडे, पंखांच्या पुढच्या टोकाशी असतं, पण लिंग पार पुढे, उजव्या पुढच्या शिंगाच्या बुडाशी. या दोन जागा जोडणारी एक बारीक खाच मानेच्या उजव्या बाजूने उघड्यावरून जाते आणि शुक्राणू तिच्यातून पुढे वाहतात. ही खाच पिल्लात सुरुवातीला नसते, वाढीच्या ओघात उमटते. उजव्या बाजूचा तिरप्या उजेडातला स्पष्ट फोटो असेल तर ती दिसते: छिद्रापासून शिंगापर्यंत अंगाच्या रंगाहून जरा फिकी, ओलसर चमकणारी रेष. डावीकडे तशी रेष कधीच नसते, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी ठेवून बघावं. डावीकडेही दिसली तर ती सुरकुती आहे.

23 मिलिमीटरच्या प्राण्यात खाच ठळक होती. त्याहून मोठा पुरावा चतुर्थीच्या सकाळी मिळाला: तो अंडी घालत होता. समुद्रससाची अंडी एका लांब धाग्यात येतात आणि त्या धाग्याची शेवयांसारखी गुंतवळ होते. गुंतवळीशेजारी बसलेला प्राणी तिचा मालक असेलच असं नाही. एकाच झुपक्यावर तीन जण येऊन जाऊ शकतात. म्हणून फोटोत बघायचं ते असं की धागा उजव्या बाजूने त्याच खाचेतून पुढे येतोय का, तोंडापाशी पोचतोय का आणि प्राणी डोकं डावी-उजवीकडे झुलवत तो शेवाळाला चिकटवत जातोय का. इथे तिन्ही दिसलं. फिका पिवळा धागा तोंडाच्या घडीत धरलेला आणि डोक्याच्या प्रत्येक झोक्याबरोबर एक वळसा वाढत जाणारा.

23 मिलिमीटरला अंडी घालणारा, स्पष्ट अखंड काळ्या काठाचा, शिंपला बराच उघडा असलेला अप्लिसिया. हा छोट्या जातीचा प्रौढ आहे यात शंका नाही. तरीही नोंदीवरचं नाव जसंच्या तसं ठेवता आलं नाही. 2019 मध्ये जनुकीय अभ्यासातून दाखवलं गेलं की जगभर ज्याला पार्व्हुला म्हणत होते ती एक जात नसून अनेक जातींचा समूह आहे आणि खरा पार्व्हुला अटलांटिकचा. आपल्या किनाऱ्यावरच्या प्राण्यासाठी ‘पार्व्हुला समूह’ एवढंच फोटोवरून लिहिणं योग्य. जुन्या भारतीय याद्यांत नुसतं पार्व्हुला सापडतं, ते त्या काळाच्या समजुतीप्रमाणे बरोबरच होतं.

31 मिलिमीटरच्या प्राण्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी राखाडी कागदाने दिलं. पहिल्या दिवशी वाळू लागलेला आणि उन्हात पांढरा पडलेला हा प्राणी तसा साधा तपकिरी दिसला होता. आता त्याच्या अंगावर बारीक गडद तपकिरी ठिपके आणि त्यांच्या मधोमध पांढरा बिंदू, असे डोळ्यासारखे छाप दिसले. ही अप्लिसिया ऑक्युलिफेराची खूण. दिवसा वाळूत दडून राहणं हेही त्याच्या सवयीशी जुळतं. उजवीकडे खाचेची नुसती पुसट सुरुवात होती. म्हणजे डबक्यातला सगळ्यात मोठा प्राणी हा तिथला अर्धवट वाढलेला निघाला, कारण ऑक्युलिफेरा पंधरा सेंटीमीटरपर्यंत जातो. आणि त्याच्याहून लहान असलेला 23 मिलिमीटरचा हा पूर्ण प्रौढ.

अंगावर काळी जाळीदार कडी असती तर अप्लिसिया अर्गस, म्हणजे जुन्या याद्यांतला हिंद-प्रशांत महासागरातला डॅक्टिलोमेला, विचारात घ्यावा लागला असता. तसं काही नव्हतं.

मग 8 मिलिमीटरचा कोणाचा?

त्याच्या उजव्या मानेवर खाच दिसली नाही. तो वयात आलेला नाही, एवढं म्हणता येतं. पण पार्व्हुला समूहालाही पिल्लू असतंच. तो अंडी घालणाऱ्याच झुपक्यावर, पांढऱ्या ठिपक्यांचा, काठाला रेघ असलेला: मन त्या बाजूला झुकतं. दुसरीकडे त्याचे ठिपके आणि रेघ एवढ्या लहान वयात ऑक्युलिफेराविरुद्ध काहीही सिद्ध करत नाहीत, आणि ऑक्युलिफेराचा वाढता प्राणी हातभर अंतरावर होता. शेजार हा पुरावा धरला तर दोन्ही शेजारी सारखेच जवळ. अळ्या महिनाभर पाण्यात वाहून आलेल्या असतात. डबक्यात उतरलेलं पिल्लू त्याच डबक्यातल्या प्रौढाचं असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच.

पिल्लाची जात ठरवायचा मैदानातला भरवशाचा मार्ग म्हणजे आकारांची मालिका. एकाच जागी, एकाच हंगामात लहानापासून मोठ्यापर्यंतचे प्राणी टिपायचे आणि एकेक खूण लहानाकडून मोठ्याकडे कशी बदलत जाते ते लावायचं. मालिका मोठ्या टोकाकडून सुरू करावी, जिथे ओळख पक्की आहे, आणि खाली उतरत यावं. दोन लागोपाठच्या प्राण्यांत लांबी दुपटीहून जास्त उडाली की तिथे मालिका तुटली असं धरावं. आपल्याकडे 31 नंतर ऑक्युलिफेराच्या बाजूला थेट 8 आहे, जवळपास चौपट उडी. पार्व्हुला समूहाच्या बाजूला 23 वरून 8, जवळपास तिप्पट. दोन्ही तुटलेल्या. 16 आणि 12 च्या आसपासचे दोन-तीन प्राणी मिळाले असते आणि त्यांच्यावर डोळेदार छाप उमटताना दिसले असते किंवा काठाची रेघ अखंड होत गेलेली दिसली असती, तर आठवर नाव लावता आलं असतं. एवढं करूनही एकाच डबक्यात दोन जाती असल्या की एकाची पायरी दुसऱ्याच्या मालिकेत सहज घुसते, म्हणून प्रत्येक पायरीला किमान दोन स्वतंत्र खुणा जुळायला हव्यात. रंग त्यात मोजू नये.

जनुकीय तपासणीने प्रश्न सुटतो: ऊतकाचा बारीक तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये आणि ओळखीसाठी नेहमी वापरतात त्या सुमारे 658 अक्षरांच्या जनुकखंडाची जुळणी. पण 8 मिलिमीटरच्या जिवाचा ‘बारीक तुकडा’ काढणं म्हणजे बहुधा तो जीवच घेणं, आणि नमुना गोळा करायला परवानगी लागते. 1987 मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यासारख्या ठिकाणी तर छंद म्हणून कुणी हे करूच नये. घरी काचेच्या टाकीत वाढवून बघण्याचा सल्लाही देण्यासारखा नाही. योग्य शेवाळ रोज ताजं मिळत नाही, पाणी तापतं आणि पिल्लू दोन-चार दिवसांत मरतं. नोंद मात्र तशीच अर्धी राहते.

नोंदी शेवटी अशा दुरुस्त झाल्या. 23 मिलिमीटर: अप्लिसिया पार्व्हुला समूह, प्रौढ, अंडी घालताना. 31 मिलिमीटर: अप्लिसिया ऑक्युलिफेरा, अपूर्ण वाढीचा. 8 मिलिमीटर: अप्लिसिया, पिल्लू, आणि टिपणात पुढचा मजकूर: ‘ताणलेली लांबी 8 मिमी, पट्टीवर मोजलेली. लाल शेवाळावर, बहुधा हिप्निया. पंख मोकळे, शिंपला दिसतो. कडेची रेघ तपकिरी, तुटक. डोळेदार छाप नाहीत. उजव्या मानेवर खाच दिसत नाही. पायाच्या टोकाला चकती दिसली नाही. शाई पाहिलेली नाही. त्याच डबक्यात पार्व्हुला समूहाचा प्रौढ आणि ऑक्युलिफेरा, दोन्ही.’ सूचनेवरून ‘पार्व्हुला’ला दुजोरा दिलेल्यांना हीच कारणं कळवली गेली, म्हणजे मत मागे घ्यायचं तर ते कशावरून हे त्यांना बघता यावं.

पुढची फेरी माघ शुद्ध तृतीयेला, त्याच डबक्यात. पिल्लाच्या वयात समुद्रससे पंधरवड्यात झपाट्याने वाढतात, तेव्हा हवे आहेत ते 12 ते 18 मिलिमीटरचे प्राणी. शेवाळाच्या फांद्यांइतकंच बुडाशी वाळूतही शोधावं लागेल, कारण वरवर बघितलं तर फक्त पार्व्हुला समूहच सापडत राहील आणि मालिका एकाच बाजूने भरेल.